सिटीत ऑइल होंडाचंच घाला, गॅरेज मात्र तुमचं नेहमीचं चालेल

जुळे सोलापूरहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "मोहोळच्या शाळेत रोज गाडीने जा-ये करते. पुण्याहून वापरलेली होंडा सिटी घेतली, २०१६ची, ऑटोमॅटिक, सीव्हीटी. आता ७८ हजार किलोमीटर झालेत. आधीच्या मालकाने गिअरबॉक्सचं ऑइल बदललं होतं की नाही, कुठेच नोंद नाही. शोरूमवाले म्हणतात, कंपनीचंच ऑइल घालू. आमचे नेहमीचे गॅरेजवाले काका म्हणतात, सगळी ऑइलं एकाच टाकीतून येतात, नाव तेवढं वेगळं. 'सगळ्या सीव्हीटींना चालणारं' बाहेरचं चांगलं ऑइल घाला, अडीच हजार वाचतील. मला हे जेनेरिक औषधासारखंच वाटतं. त्यात मिस्टरांचे मित्र घाबरवतात की इतकी चाललेली गाडी, आता ऑइल बदललंत तर गिअरबॉक्सच बसेल. वडिलांची जुनी मॅन्युअल वॅगनआर आहे, भावाची नवी गाडी वॉरंटीत आहे. त्यांच्यासाठीही हाच प्रश्न. काय करू?"

ताई, नमस्कार.

उत्तर आधी सांगतो. तुमच्या सिटीत होंडाचं सीव्हीटीसाठीचं (म्हणजे ठरलेले गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकसाठीचं) एचसीएफ-२ हेच ऑइल घाला. पण त्यासाठी शोरूममध्येच गेलं पाहिजे असं अजिबात नाही. कंपनीच्या अधिकृत पार्ट्स काउंटरवरून सीलबंद डबे तुम्ही स्वतः बिलावर विकत घ्या आणि काकांकडे नेऊन द्या. ऑइल कोणतं आणि काम कोणाकडे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शोरूम आणि गॅरेज दोघंही ते एकत्र बांधून तुमच्यापुढे ठेवतात, म्हणून निवड अवघड वाटते. ते सोडवले की मजुरीतला फरक तुमच्याच खिशात राहतो आणि गिअरबॉक्सही जोखमीत पडत नाही.

आता काकांच्या टाकीबद्दल. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं पटतं. कार कंपन्यांच्या स्वतःच्या तेल रिफायनऱ्या नसतात. अनेक जपानी गाड्यांची ऑइलं इदेमित्सुसारख्या तेल कंपन्या बनवून देतात. ऑइलमध्ये पडणारी रसायनं लुब्रिझॉल, ॲफ्टन, इन्फिनियम अशा मोजक्याच कंपन्यांकडून येतात. म्हणजे कारखाना एक असू शकतो. फॉर्म्युला मात्र एक नसतो. प्रत्येक कार कंपनी आपल्या क्लचच्या अस्तराला आणि आपल्या पुलीच्या पोलादाला जुळणारं मिश्रण ठरवून घेते, त्यावर गिअरबॉक्स चालवून बघते आणि मग तो डबा आपल्या नावाने विकते. त्याच कारखान्यातून दुसऱ्या नावाने निघालेलं ऑइल तेच असेल, याची हमी कोणी देत नाही.

तुमची जेनेरिक औषधाची तुलना मला आवडली, कारण नेमका फरक तिथेच दिसतो. औषधाच्या पाकिटावर रेणूचं नाव आणि मात्रा छापणं कायद्याने बंधनकारक आहे. नाव कोणतंही असो, आत काय आहे ते तुम्हाला वाचता येतं. ऑइलच्या डब्यावर मिश्रण छापलेलं नसतं. तिथे फक्त दावा छापलेला असतो. तो दावा कोणी तपासला, एवढंच आपण विचारू शकतो.

काही ऑइलांच्या बाबतीत हा तपास खरोखर होतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलासाठीचं जनरल मोटर्सचं डेक्सरॉन हे मानक त्याचं जुनं उदाहरण. कोणतीही तेल कंपनी आपलं ऑइल जनरल मोटर्सच्या चाचण्यांतून पास करून घेते, परवाना मिळवते आणि मगच डब्यावर डेक्सरॉन-६ लिहिते. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी आणि मर्सिडीजही बाहेरच्या ऑइलांना लेखी मान्यता देतात. अशा मान्यतेचा क्रमांक डब्यावर असेल तर बाहेरचं ऑइल मी निर्धास्तपणे घालायला सांगतो. पण जपानी कंपन्या आपल्या सीव्हीटी ऑइलसाठी सहसा असे परवाने वाटत नाहीत. त्यामुळे बाहेरच्या डब्यावर 'एचसीएफ-२ साठी योग्य' असं वाचलंत, तर ते मत तेल विकणाऱ्याचं आहे, होंडाचं नव्हे. 'मान्यताप्राप्त' आणि 'साठी योग्य' या दोन शब्दांत गिअरबॉक्सच्या किमतीइतकं अंतर असू शकतं. काकांकडे असलेला डबा उलटा करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. एचसीएफ-२, निसानची एनएस-२, एनएस-३ आणि आणखी कितीतरी नावं एका ओळीत दिसतील, पण मान्यतेचा क्रमांक बहुधा कुठेच नसेल.

एक गोष्ट इथे ठळकपणे सांगायला हवी. डब्यावर होंडाचं नाव आहे म्हणूनही निश्चिंत होऊ नका. होंडाचंच एटीएफ (म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) डीडब्ल्यू-१ नावाचं मिळतं. ते गिअर असलेल्या ऑटोमॅटिकसाठी आहे, सीव्हीटीसाठी नाही. काउंटरवरच्या माणसाला नुसतं "होंडाचं ऑटोमॅटिकचं ऑइल द्या" म्हणालात तर चुकीचा डबा हातात पडू शकतो. एचसीएफ-२ असं नाव घेऊन मागा, डब्यावर ते वाचा आणि गाडीच्या मॅन्युअलशी पडताळा.

सीव्हीटीबाबत मी इतका आग्रही का, ते समजण्यासाठी तिच्या आत डोकावू या. तिथे ठरलेले गिअर नसतात. दोन पुली असतात आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्टा. तो म्हणजे पोलादाच्या बारीक पट्ट्यांवर ओवलेल्या शेकडो पातळ चकत्या. पुलीचे दोन शंकू तेलाच्या दाबाने जवळ येतात, चकत्यांच्या कडा चिमटीत धरतात आणि इंजिनाची सगळी ताकद त्या चिमटीतून चाकांकडे जाते. पोलाद पोलादावर, मध्ये फक्त ऑइलचा थर. या ऑइलने झीज थांबवायची, उष्णता वाहून न्यायची आणि तरीही पट्टा घसरू द्यायचा नाही. वंगण आणि पकड, दोन्ही एकाच द्रवाकडून हवं आहे. ऑइलमधली रसायनं तिथल्या धातूवर अतिशय पातळ थर धरतात आणि पकड त्या थरावर अवलंबून असते. साधं एटीएफ घातलं तर पट्टा घसरतो. उघडलेल्या सीव्हीटीत मी अशी पुली पाहिली आहे. शंकूचा गुळगुळीत पृष्ठभाग जिथे चकचकीत असायला हवा तिथे गोलाकार ओरखडे होते, नखाला लागतील इतके खोल. पुलीवर एकदा असे चरे पडले की कितीही चांगलं ऑइल घातलं तरी ते भरत नाहीत. पट्टा आणि पुलींचा संच बदलण्याचा खर्च ऐकाल तेव्हा अडीच हजारांची बचत फार लहान वाटेल.

मग 'सगळ्यांना चालणारं' ऑइल म्हणजे फसवणूक का? नामवंत कंपन्यांच्या बाबतीत मी तसं म्हणणार नाही. ती मेहनतीने बनवलेली, मधला मार्ग काढणारी ऑइलं असतात, आणि मधला मार्ग हीच त्यांची अडचण आहे. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग असलेल्या, नेहमीच्या ऑटोमॅटिकचंच बघा. १०० अंश सेल्सिअसला जुन्या डेक्सरॉन-३चा दाटपणा ७ सेंटिस्टोक्सच्या थोडा वर असायचा, डेक्सरॉन-६चा ६च्या आसपास, आणि टोयोटाचं डब्ल्यूएस त्याहूनही पातळ. एकाच डब्यातलं ऑइल एकाच वेळी हे तिन्ही कसं असेल? शिवाय डेक्सरॉन-३चे परवाने जनरल मोटर्सने २००६ अखेर बंद केले. आज दुकानात त्या नावाचा डबा दिसला तर त्यामागे जनरल मोटर्सची तपासणी नाही, हे लक्षात ठेवा. या ऑइलांत घर्षण जुळवणारा एखादा घटक केवढा महत्त्वाचा असतो पाहा: १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत त्यासाठी स्पर्म व्हेलचं तेल वापरत. त्यावर बंदी आली तेव्हा एवढ्या एका घटकापायी डेक्सरॉनची नवी आवृत्ती काढावी लागली.

आपल्याकडे रस्त्यावर 'ऑटोमॅटिक' म्हणून धावणाऱ्या कितीतरी छोट्या गाड्या प्रत्यक्षात एएमटी आहेत. त्यांचा गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. त्यात मॅन्युअलचंच गिअर ऑइल लागतं आणि क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्राचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं. ऑटोमॅटिक म्हणून त्यात एटीएफ ओतू देऊ नका. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, असेल तर सीव्हीटीइतकीच काळजी, कंपनीचंच ऑइल.

आता मिस्टरांच्या मित्रांची भीती. ती निराधार नाही, पण कार्यकारण उलटं लावलेलं आहे. बहुतेक लोक ऑइल बदलायला जातात तेव्हा गाडी आधीच झटके देत असते, घसरत असते. आतलं अस्तर संपत आलेलं असतं. ऑइल बदलल्यावर महिनाभरात गिअरबॉक्स गेला की दोष नव्या ऑइलवर येतो. खरं तर जुनं झालेलं ऑइल तसंच ठेवणं हाच धोका आहे. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी आपल्या ऑटोमॅटिकचं ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला असं सांगते, मग त्या गाडीच्या कंपनीने ते ऑइल आयुष्यभरासाठी आहे असं म्हटलं असलं तरी. तुमची गाडी तर वयाने त्याच्या पुढे गेली आहे आणि सीव्हीटीची मुदत त्याहून कमी धरायची असते.

त्यामुळे आधी गाडी चालवून बघा. थांबून निघताना थरथर, ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, किंवा वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी, यांपैकी काही असेल तर ऑइलच्या आधी स्कॅनर लावून तपासणी करून घ्या. काहीच नसेल तर बिनधास्त बदला. फक्त मशिन लावून दाबाने धुऊन काढायचा प्रकार करू नका. जुन्या गिअरबॉक्समध्ये त्याने तळाचा गाळ उचलला जाऊन तेलाच्या बारीक वाटांत अडकू शकतो. खालचा बोल्ट काढून ऑइल वाहू द्यायचं आणि नवं भरायचं, एवढंच. यात सगळं ऑइल निघत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरंच उरतं. समजा निम्मं निघालं, तर पहिल्या वेळी निम्मं नवं होईल आणि काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा केलंत तर पाऊण. तुमच्या गाडीचा पूर्वेतिहास माहीत नसल्यामुळे मी दोनदा करायला सांगेन. खर्च वाढतो, मान्य आहे. म्हणूनच मजुरी वाचवा, ऑइलमध्ये वाचवू नका.

काम चालू असताना शक्य असेल तर तिथे उभ्या राहा. काका जुने आणि भरवशाचे आहेत, त्यांना वाईट वाटणार नाही. निघालेलं ऑइल मापाच्या डब्यात धरायला सांगा. किती निघालं ते कळलं की किती भरायचं याचा पहिला अंदाज येतो. शेवटची पातळी मात्र मॅन्युअलात दिलेल्या पद्धतीनेच ठरवायची. अनेक नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. ठराविक तापमानाला, इंजिन चालू ठेवून, बाजूच्या बोल्टमधून जादा ऑइल बाहेर येऊ द्यायचं असतं. काकांना तुमच्या गाडीची पद्धत ठाऊक नसेल तर त्यांनी ती आधी वाचून घ्यावी. पातळी चुकली तर अस्सल एचसीएफ-२ही गिअरबॉक्सला वाचवत नाही. कमी झालं तर पंप हवा ओढतो, जास्त झालं तर फेस होतो, आणि दोन्हीत तेलाचा दाब कमी होतो.

काढलेला ड्रेन बोल्ट हातात घ्या. त्याच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट दिसेल. चिमटीत चोळली की बोटांवर कण जाणवत नाहीत. ती रोजची झीज आहे, काळजी करू नका. बोटाला टोचणारे तुकडे किंवा चमकणारे पापुद्रे सापडले तर तिथेच थांबा, फोटो काढा आणि पुढचा निर्णय सीव्हीटी उघडणाऱ्या जाणकाराला विचारून घ्या. बोल्टचं वॉशर प्रत्येक वेळी नवं हवं. ते दाबलं जाऊनच सील करतं, दुसऱ्यांदा नीट बसत नाही.

एक खबरदारी खास आपल्या गावासाठी. सोलापुरात गॅरेजमध्ये हात पुसायला टॉवेलच्या कारखान्यातले तुकडे आणि सुताचं वेस्ट सर्रास असतं, स्वस्त आणि मुबलक. पण टर्किश टॉवेलचे धागे सुटतात. असा एक धागा भरणीच्या तोंडातून आत गेला तर गिअरबॉक्समधल्या केसाएवढ्या फटीतला व्हॉल्व्ह अडकवू शकतो. भरणीचं तोंड आणि नरसाळं धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडानेच पुसायला सांगा. मी यावर काही गॅरेजवाल्यांशी वाद घातला आहे आणि पुढेही घालीन.

ऊन हा दुसरा मुद्दा. ऑइलचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं सडणं साधारण दुप्पट वेगाने होतं, असा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३च्या घरात असतो. मॅन्युअलात कठीण परिस्थितीसाठी, म्हणजे कडक ऊन, धूळ, घाट, सतत थांबत-निघत चालवणं यांसाठी, ऑइल बदलण्याचं वेगळं, कमी किलोमीटरचं वेळापत्रक दिलेलं असतं. तुमचा मोहोळचा हायवे गिअरबॉक्सला फारसा जड नाही, एकसारख्या वेगाने तो आरामात असतो. शहरातल्या सात रस्ता चौकाची गर्दी आणि भर उन्हात पाच माणसं घेऊन तुळजापूरचा घाट, हे जड. दोन्ही धरून त्या कमी किलोमीटरच्या वेळापत्रकानेच चला.

डबे घेताना बिल, सील आणि बॅच नंबर बघा. कंपनीच्या नावाचंच बनावट ऑइल जास्त निघतं, कारण महाग विकलं जाणारं नावच नकली करणाऱ्यांना परवडतं. काम झालं की रिकामे डबे भंगारात तसेच देऊ नका. खिळ्याने भोकं पाडा, लेबल फाडा, नाहीतर तेच डबे पुन्हा भरून कोणाच्या तरी गाडीत जातील. जुनं ऑइल गटारात जाता कामा नये, ते काकांनी गोळा करून अधिकृत खरेदीदाराला द्यावं.

वडिलांच्या वॅगनआरमध्ये मात्र बाहेरचं चांगल्या नावाचं ऑइल खुशाल घाला. मॅन्युअल गिअर ऑइलला एसएई या संस्थेचा दाटपणा आणि एपीआय या संस्थेची जीएल श्रेणी ही सगळ्यांसाठी खुली मापं आहेत. गाडीच्या पुस्तिकेत असेल तोच दाटपणा आणि तीच श्रेणी डब्यावर बघा. तिथे जीएल-४ लिहिलं असेल तर 'जास्त भारी' म्हणून जीएल-५ घेऊ नका. त्यात दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. ती काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) खातात आणि ऑइलच्या निसरडेपणामुळे गिअर टाकताना खरखर येऊ शकते.

भावाची गोष्ट वेगळी. २०१४च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला होता. बाहेर काम केलं एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामाने जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं त्या आदेशात म्हटलं होतं. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. पण गिअरबॉक्सच्या दाव्यात ऑइलवरून वाद निघाला तर तो आपण लढवायचा, वकील आपण करायचा आणि तोवर गाडी उभी. वॉरंटी आहे तोवर त्याने गिअरबॉक्सचं काम अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच करावं आणि बिलावर ऑइलचं पूर्ण नाव, किती लिटर घातलं आणि गाडीचे किलोमीटर लिहून घ्यावेत. दावा नाकारला तर ते कारणासह लेखी मागावं आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.